आर्णोनचा उतार

हाणेगावात महांतेश बिरादार म्हटलं तर लोक क्षणभर आठवत बसायचे. टँकरवाला महांत्या म्हटलं की लगेच घर दाखवायचे. वडील गुरुपादप्पा यांचं बाजारात किराण्याचं दुकान. थोरला भाऊ सोमेश दुकानात रमला, पण महांतेशला गल्ल्यावर बसणं कधी जमलं नाही. गिऱ्हाईक समोर बोलत असायचं आणि याचे कान रस्त्यावर. औरादकडून येणारा ट्रक चढावर कोणत्या गिअरमध्ये आहे, हे तो पाठमोरा बसून सांगायचा. शेवटी गुरुपादप्पांनीच हात टेकले. "जा बाबा, तुझी चाकं फिरव," म्हणाले.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात महांतेश जळकोट तालुक्यात पाण्याचा टँकर चालवत होता. गावात गाडी शिरली की लोकांना ती उभी राहीपर्यंतही दम निघायचा नाही. चालत्या टाकीत पाइप पडायचे, बाया घागरी घेऊन चाकांच्या बाजूनं पळायच्या. दोन्ही आरशांत डोळे ठेवून, माणसाच्या चालीनं गाडी विहिरीपर्यंत न्यायची, ही सवय त्याला तिथं लागली. त्याच्या चाकाखाली कधी कोणाची घागरसुद्धा चेपली नाही. उदगीरच्या शिवानीशी सोयरीक जुळली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "पाऊस चांगला झाला तर तुमचं काय?" सगळे हसले होते. पुढं पाऊस खरंच चांगले झाले, मालकानं टँकर विकून टाकला आणि महांतेश देगलूरच्या अड्ड्यावर बदली ड्रायव्हर म्हणून दिवस काढू लागला. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा माल, आणि घरी कधी परतायचं तेही दुसऱ्याच्या हातात.

बोधनच्या एका एजंटानं त्याला जॉर्डनचं सांगितलं. तिकडं पाऊसच लई कमी, पाण्याच्या टँकरला बारमाही काम. देगलूरपासून बोधनपर्यंत परदेशी राबून आलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात, त्यामुळं घरात कोणाला धक्का बसला नाही. शिवानी तेवढी अडून राहिली.

"तिकडं लढाई चालू हाय म्हणतेत."

"ती शेजारच्या देशात. जॉर्डनमध्ये न्हाई."

"शेजारी म्हंजे किती लांब?"

महांतेशनं फोनवर नकाशा काढला. बोटांनी मोठा केला, परत लहान केला आणि फोन खिशात घातला.

थंडी संपायच्या आत तो अम्मानला उतरला. विमानतळावर साइटचा मॅनेजर स्वतः न्यायला आला होता. अमरेश नाव, मूळचा बिदरचा. महांतेशच्या कपाळावरची विभूती बघून त्यानं दोन्ही हात जोडले. "शरणार्थी, तम्मा," म्हणाला. शरणार्थी हा लिंगायतांचा नमस्कार. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. परमुलखात उतरल्या उतरल्या कोणी असं म्हटल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडणारच. वाटेत अमरेशनं त्याला जेवू घातलं, घरी फोन लावून दिला, शिवानीशी दोन शब्द बोलला. "काळजी करू नका अक्का, माझ्या घरचाच समजा." आणि कँपवर पोचल्यावर पासपोर्ट मागून घेतला. "ऑफिसात राहू दे. इथं हरवला तर लई भानगड होते."

काम होतं एका जुन्या रस्त्याच्या दुरुस्तीचं. डोंगरमाथ्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडं गेलेल्या त्या रस्त्याला राजाचा रस्ता म्हणतात. धिबान नावाच्या गावाबाहेर कंपनीच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. गाव मागं पडलं की थोड्याच अंतरावर समोरची जमीन अचानक तुटते. खाली वादी मुजिबची दरी. समोरचा डोंगर इतका लांब की त्याच्यावरचा रस्ता सुतळीएवढा दिसावा. इकडून वळणं घेत तळाला उतरायचं, धरण ओलांडायचं आणि पलीकडं तितकंच चढायचं. दुरुस्ती चालली होती ती उताराच्या मधोमध. मुरूम दाबायला पाणी लागायचं. ते धिबानच्या बोअरवरून भरून, भरल्या टाकीनिशी खाली न्यायचं काम महांतेशचं.

पहिल्या दिवशी अमरेशनं त्याला गाडी दाखवली. टँकर जुना, निळा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार मात्र वेगळ्याच निळ्या रंगाचं, आणि सगळ्या मळक्या केबिनमध्ये सीट तेवढी कोरी, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. महांतेशनं सवयीनं सीटखाली हात घालून बघितलं. एक रबरी चप्पल हाताला लागली. एकाच पायाची, अंगठ्याशी तुटलेला पट्टा सेफ्टी पिननं अडकवलेला. असा जुगाड आपल्याकडचाच माणूस करणार.

"ही कोणाची?"

अमरेशनं ती त्याच्या हातातून घेतली आणि बाहेर लांब भिरकावली. "आधीच्या ड्रायव्हरची. घरी गेला तो."

कँपवरचा आचारी आनंदराज उदगीरचाच निघाला. ख्रिस्ती होता, साठीकडं झुकलेला, त्या देशात अर्धं आयुष्य काढलेला. अरबी घरच्या भाषेसारखी बोलायचा, पण महांतेश भेटल्यावर त्याची उदगिरी मराठी धरण फुटल्यासारखी वाहायला लागली. शुक्रवारी सुट्टी असायची. दुपारी दोघं उताराच्या माथ्यावर जाऊन बसायचे. तिथं उम्म खालिद नावाची एक बदू, म्हणजे तिथल्या भटक्या जमातीतली, म्हातारी चहाची किटली मांडून बसायची. दरी बघायला थांबणाऱ्या गाड्या हेच तिचं गिऱ्हाईक. उताराच्या कडेला दगडी खांब आडवे पडलेले होते. रोमन लोकांच्या वेळचे मैलाचे दगड, आनंदराज म्हणाला. मजूर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावर बसत. महांतेशला देगलूरजवळच्या होट्टलच्या देवळाभोवती पडलेले खांब आठवायचे आणि त्याला तिथं टेकवत नसे.

"ह्या रस्त्यावरून काय काय गेलं असल," आनंदराज एकदा म्हणाला. "अरबस्तानातला ऊद, मसाले, सोनं. उंटांच्या रांगा दमास्कसपर्यंत. पण आमच्या धर्मशास्त्रात हा रस्ता आहे तो वेगळ्याच गोष्टीसाठी. मोशे आपली माणसं घेऊन गुलामीतून सुटून आला. इथल्या अदोमच्या राजाला त्यानं निरोप धाडला. तुमच्या मुलखातनं राजरस्त्यानं जाऊ द्या. शेतात शिरत न्हाई, मळ्यात शिरत न्हाई. जनावरं पाणी प्यायली तर त्याचाही मोबदला देतो."

"मग?"

"राजा न्हाई म्हणला. हत्यारं घेऊन आडवा आला. मग ते लोक रानावनातून लांबचा वळसा घालून आले. वाटेत साप चावून माणसं मेली, मोशेचा भाऊ मेला. ही दरी म्हंजे आर्णोन. इथवर आले, पुढं गेले, आणि तिकडं नबो डोंगरावरून मोशेला त्याचा देश नुसता लांबून दिसला. तिथंच मेला तो."

महांतेशच्या डोक्यात पाण्याचंच घोळत होतं. "पाण्याचं पण देतो म्हणले, तरी न्हाई म्हणला?"

"तरी न्हाई."

उम्म खालिद चहा द्यायला आली. महांतेशकडं बघून ती काहीतरी बोलली आणि त्यात 'सैलू' असा शब्द आला. मग टँकर उभा होता तिकडं तिनं हात केला, दरीतल्या एका वळणाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. नंतर तिनं एक हात गालाखाली घेऊन डोळे मिटले, झोपल्यासारखे. आणि लगेच डोळे उघडून बोट जोरजोरात नाचवलं. "मिश नायिम," ती म्हणाली. "सैलू मिश नायिम." मग तळहातानं हवेत काहीतरी दाबल्यासारखं करत तोंडानं हॉर्नचा आवाज काढला. लांबलचक, न थांबणारा.

आनंदराजनं मान खाली घातली होती.

"काय म्हणतीय ती?" महांतेशनं विचारलं.

"चहा पी."

"काका, काय म्हणतीय?"

आनंदराजनं सांगितलं ते तुकड्या तुकड्यानं. आधीचा ड्रायव्हर साईलू, मद्नूरचा. भरला टँकर घेऊन उतरताना त्या वळणावर खडकावर आदळला. घरी गेला हे खरं, पण पेटीतून. झोप लागली होती, असं अमरेशनं पोलिसांना सांगितलं आणि घरच्यांनाही तेच कळवलं. म्हातारीनं मात्र इथं बसून सगळं बघितलं होतं. गाडी सुटल्यापासून तो हॉर्न दाबूनच होता. खालचे मजूर त्या आवाजानं बाजूला पळाले, म्हणून वाचले. "ती म्हणतीय, झोपलेला माणूस हॉर्न वाजवतो का."

मद्नूर म्हणजे देगलूर सोडलं की सीमेपलीकडचं पहिलं मोठं गाव. हाणेगावातून मोटारसायकलवर तासाभराची वाट. महांतेश तिथल्या बाजारातून कितीदा तरी गेला होता. कदाचित हा साईलू त्याच्या शेजारी उभा राहून चहाही प्याला असेल. त्याला त्या कोऱ्या सीटची आठवण झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीचं पोट तपासायला लागला. ब्रेकचे लाइनर घासून कागद झाले होते. एका चाकाला ब्रेकच्या हवेची नळी तारेनं बांधलेली. भरल्या गाडीनं दोन वळणं उतरलं की जळका वास यायचा आणि पेडल जास्त खोल जायचं. अमरेशला सांगितलं तर त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"सामान मागवलंय, तम्मा. येईल."

"येईपर्यंत गाडी उभी ठेवू?"

"उभी ठेवली तर खालचं काम थांबतं. तू शहाणा ड्रायव्हर आहेस. पहिल्या गिअरमध्ये ने." आणि मग हसत हसत म्हणाला, "साईलू झोपाळू होता. तू तसा नाहीस."

महांतेशनं सामानाची वाट बघितली. रोज सकाळी लिंगपूजा झाली की तो चाकांखाली शिरून नळ्या कसायचा, टाकी अर्धीच भरायचा. अर्धी भरल्याचं कोणाच्या लक्षात आलं की अमरेशचा निरोप यायचा, टाकी भरून पाठव. शिवानीला फोनवर यातलं तो काहीच सांगत नव्हता. मुलगी अक्षरा विचारायची, "बाबा, तिथं उंट हाय का?" आणि तो उंटांचे फोटो पाठवायचा.

जूनमध्ये आकाशातून क्षेपणास्त्रं जायला लागली. पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा कँपवरचे सगळे पत्र्याच्या खोल्यांतून बाहेर पळाले आणि उघड्यावर उभे राहिले, कारण लपायचं कुठं हेच कोणाला माहीत नव्हतं. संध्याकाळच्या आभाळात पांढऱ्या रेघा एकमेकींना ओलांडत होत्या. कुठंतरी लांब धडाम झालं, पत्रे थरथरले. ही लढाई जॉर्डनची नव्हती, पण तिची वाट जॉर्डनवरून होती. विमानं बंद झाली. सामान आता येणार नाही, हे अमरेशनं न विचारताच सांगितलं. "सगळं अडकलंय, तम्मा. मी तरी काय करू?" काम मात्र चालू राहिलं.

शिवानीचा फोन आला. "या म्हणते मी. आत्ताच्या आत्ता."

"विमानं बंद हायेत."

"मग रस्त्यानं या!" ती रडायला लागली. महांतेशला हसू आलं आणि त्यानं अक्षराला फोन द्यायला सांगितलं.

ज्या सकाळी ते घडलं त्या सकाळी उतारावर कामाला बरीच माणसं होती. आभाळ स्वच्छ होतं. महांतेशनं पहिला गिअर धरून भरली गाडी माथ्यावरून खाली सोडली. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाशी भोंगा सुरू झाला आणि वर कुठंतरी फुटल्याचा आवाज दरीत घुमला. त्यानं वर बघितलं नाही. त्याचा पाय पेडलवर होता आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. तारेनं बांधलेली नळी सुटली असावी. हवेचा काटा खाली पडत होता आणि फुस्स असा लांब आवाज येत होता. मागून पाण्याचं अख्खं वजन गाडीला ढकलायला लागलं. इंजिन किंचाळलं, गिअर उडून बाहेर आला, तो पुन्हा बसेना.

खाली वळणावर मजूर होते. भोंग्यामुळं सगळे वर आभाळाकडं तोंडं करून उभे. महांतेशनं हॉर्नवर तळहात दाबला आणि काढलाच नाही. एक माणूस वळला, मग सगळे वळले, खोरी फावडी टाकून पांगले. उजवीकडं कापलेला डोंगर होता, डावीकडं काही नव्हतं. त्यानं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. पत्रा फाटायचा आवाज, दगडांचा पाऊस, आरसा गेला, काच गेली. टाकी चिरली आणि पाणी रस्त्यावर धो धो ओतायला लागलं. जसजसं पाणी गेलं तसतसा जोर कमी झाला, आणि गाडी डोंगराला खांदा लावून एकदाची थांबली. उजवा पाय कुठंतरी खाली अडकला होता. दुखत नव्हता अजून. त्याचा हात हॉर्नवरच होता. आनंदराज सांगतो की कोणाला तरी येऊन तो उचलावा लागला.

मजुरांपैकी कोणाला काही झालं नाही.

मादबा शहरातल्या दवाखान्यात त्याच्या पायात सळई घातली. अमरेश फळं घेऊन आला, उशाशी बसला, कपाळावर हात ठेवला.

"देवानं वाचवलं, तम्मा. आता ऐक. पोलीस येतील. मी असेनच, मीच सांगेन त्यांना. रात्री भोंग्यांनी झोप झाली नव्हती, सकाळी डुलकी लागली. एवढंच. त्यांनाही ते पटतं. मग पंधरवड्यात तू घरी. नाहीतर केस चालते, साक्षी, तपासणी. वर्ष जातं माणसाचं इथं."

महांतेश छताकडं बघत राहिला. त्याला घरी जायचं होतं. हाणेगावचा बाजार, सोमेशचं दुकान, अक्षराचा आवाज, सगळं त्याला इतकं जवळ वाटलं की हात लांबवला तर लागेल. एक हो म्हटलं की झालं. तो काहीच बोलला नाही, आणि अमरेशनं ते होकारासारखं धरलं.

पोलीस अधिकारी तरुण होता, चेहरा थकलेला. त्यानं अरबीत विचारलं. अमरेशनं महांतेशला हिंदीत विचारलं, "कसं झालं, सांग."

"गाडी उतारावर होती," महांतेश म्हणाला. "ब्रेक लागला न्हाई."

अमरेश अधिकाऱ्याकडं वळला आणि बराच वेळ अरबीत बोलला. महांतेशला त्यातलं काही कळत नव्हतं. मग एक शब्द आला. नायिम.

गालाखाली हात घेऊन डोळे मिटलेली ती म्हातारी महांतेशच्या डोळ्यांसमोर आली. तो कोपरावर उठला, पायातली कळ मस्तकात गेली.

"न्हाई!" तो ओरडला. "मिश नायिम! मिश नायिम! ब्रेक माफी!" साइटवर दिवसभर कानावर पडणारा हा शब्द. सिमेंट माफी, डिझेल माफी. माफी म्हणजे नाही. मराठी कानाला सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. "ब्रेक माफी! आणि सैलू, सैलू पण मिश नायिम!"

अधिकाऱ्यानं आधी महांतेशकडं बघितलं, मग अमरेशकडं. "सैलू कोण?" त्यानं विचारलं. एवढं अरबी महांतेशला कळलं. अमरेश हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. अधिकाऱ्यानं आनंदराजला बोलावून दुभाषी केलं, महांतेशचं सगळं ऐकून घेतलं. उम्म खालिदचंही ऐकलं. पण तपासणीसाठी माणूस साइटवर पोचला तेव्हा टँकरची चाकं काढून नेलेली होती. भंगारवाल्याला दिली, असं उत्तर मिळालं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. लढाई थांबली, विमानं सुरू झाली, महांतेश मात्र कुबड्या घेऊन कँपमध्येच. पासपोर्ट ऑफिसात. बाकीचे लोक त्याच्याशी बोलताना इकडंतिकडं बघायला लागले. अमरेश रोज सकाळी त्याच्या दारावरून जायचा आणि न चुकता थांबायचा. आवाज तसाच गोड.

"पायरी बघून उतर, तम्मा. एकाच पायावर आहेस."

रात्री महांतेश दाराला आतून पेटी लावून झोपायचा.

आणि एक दिवस कारण न सांगता तिकीट हातात आलं. केसचं काय झालं, कोणी सांगितलं नाही. दसरा होऊन गेल्यावर तो हैदराबादला उतरला. सोमेश न्यायला आला होता. त्याच्या मागं उभ्या अक्षरानं बापाची चाल बघितली आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. शिवानीनं घरी आल्यावर त्याचा पाय मांडीवर घेतला, व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता दुकानात बसायचं." तो बरं म्हणाला.

पण आधी तो मद्नूरला गेला. सोमेशनं मोटारसायकल काढली. साईलूचं घर शोधायला वेळ लागला नाही. परदेशात मेलेल्याचं घर सगळ्यांना माहीत असतं. साईलूची आई पोशव्वा अंगणात चिंचा फोडत होती. मराठी आणि तेलुगू मिसळून बोलणारी, वाळून काटकी झालेली बाई. महांतेशनं आपण कोण ते सांगितलं आणि जमिनीवरच बसायला गेला. पाय वाकेना, तेव्हा सोमेशनं त्याला बाजेवर बसवलं.

"तो झोपला नव्हता, अव्वा," तो म्हणाला. "मी हे सांगायला आलो. ब्रेक गेला होता. मी तीच गाडी चालवली, माझ्याही हातात गेला. साईलू शेवटपर्यंत हॉर्न वाजवत होता. खालची माणसं पळाली, म्हणून वाचली. बघितलेली बाई हाय तिथं."

पोशव्वाच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"साहेबाचा फोन आला तवा मला म्हणले, निद्र लागली," ती हळू बोलली. "मी म्हणले, हाव. लहानपणापासून झोपाळूच होता. मीच म्हणले, बाबा. माझ्याच तोंडानं."

तिनं पदर तोंडावर घेतला. रडण्याचा आवाज आला नाही. खांदे मात्र हलत राहिले. सोमेश उठून दाराशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं, आत जाऊन पाणी आणलं. तिच्या चेहऱ्यावर आता काहीतरी सैल झालं होतं.

"तो साहेब तसा चांगला हाय," ती म्हणाली. "स्वतः आला होता इथं. गंगारामला त्यानं भावाची जागा दिली."

"कोण गंगाराम?"

"धाकटा माझा. गेला की तो. दसऱ्यानंतर लगेच."

महांतेशनं हातातला तांब्या खाली ठेवला. आपल्याला तिकीट का मिळालं, ते त्याला आत्ता कळलं. जागा रिकामी करायची होती.

तिथंच फोन लावला तेव्हा गंगारामचा आवाज आनंदी होता. नवा टँकर आहे अण्णा, दुसरा, काही काळजी नाही. नवा म्हणजे कुठला, महांतेशनं विचारलं. लाल आहे. दुसऱ्या साइटवरून आणलाय. लाइनर बघितलेस का? नळ्या बघितल्यास? गंगाराम वैतागला. "साहेब सांगत होते तुमच्याबद्दल. म्हणाले, झोपून गाडी ठोकली आणि नाव ब्रेकचं घेतलं."

तेव्हा पोशव्वानं फोन हिसकावून घेतला. तेलुगूत ती काय बोलली ते महांतेशला निम्मंच कळलं, पण असा आवाज त्यानं बाईमाणसाचा कधी ऐकला नव्हता. शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली, महांतेशलाही कळावं म्हणून असेल. "एक पेटी उघडली मी. दुसरी उघडणार न्हाई. ये."

पासपोर्ट साहेबाकडं होता. आनंदराजनं गंगारामला शुक्रवारी बरोबर घेऊन अम्मान गाठलं, भारतीय वकिलातीत नेलं, परतीचा कागद मिळेपर्यंत पाठपुरावा केला. संक्रांतीच्या आधी गंगाराम मद्नूरला परत आला. महांतेशला तो एकदा देगलूरच्या बसस्टँडवर दिसला. महांतेशनं हात केला. त्यानं ओळख दाखवली नाही. चांगली नोकरी या लंगड्यानं घालवली, असंच त्याच्या मनात बसलेलं आहे. पोशव्वा मात्र दर बाजाराला हाणेगावात कोणाकडून तरी चिंचेचा गोळा पाठवते.

आनंदराज अजून तिथंच आहे. या जानेवारीत एका दुपारी महांतेश दुकानात साखर बांधत असताना त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तो घुटमळला.

"लाल टँकरवर नवा माणूस आला," म्हणाला. "काल आला. तुझ्याएवढाच असल. हिंदी बोलतो."

"कुठला?"

"बिहारकडचा वाटतो. अजून नीट बोललो न्हाई. अमरेशनं आल्या आल्या भैय्या भैय्या करून जेवू घातलं."

फोनमधून मागं पाण्याचा आवाज येत होता. जाड पाइपातून रिकाम्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा, ढोलासारखा. तो आवाज महांतेश कुठंही ओळखला असता. पाणी चढत गेलं की तो बारीक होत जातो. आत्ताच तो थोडा बारीक झाला होता.

"काका, तुम्ही बोअरपाशी हाव का?"

"हाव."

"पाइप काढायला लावा." महांतेशनं साखरेचा पुडा तसाच ठेवला आणि तो उठून उभा राहिला. समोरचं गिऱ्हाईक बघत राहिलं. "टाकी भरू देऊ नका. त्याला फोन द्या. नाव काय त्याचं?"

"विचारतो, थांब," आनंदराज म्हणाला, आणि महांतेशला खडीवरून चालत जाणारी त्याची पावलं ऐकू येऊ लागली.